अर्थ आलाय, तरी चालू द्या

जहाजावरची वीज ही कुणीतरी कंजूषपणाने आखलेली व्यवस्था आहे, असं माझं मत होतं. ते मी लपवून ठेवत नव्हतो. मेसमध्ये, कंट्रोल रूममध्ये, सुट्टीवर आल्यावर जुन्या कारखान्यातल्या मित्रांसमोर, जिथे कान मिळेल तिथे मी ते बोलून दाखवायचो. आज ते मत माझं राहिलेलं नाही. हे लिहायला बसलो याचं कारण एवढंच, की किनाऱ्यावरचे कारखाने सोडून जहाजावर येणारी तरुण मुलं हल्ली बरीच भेटतात, आणि पहिल्याच महिन्यात माझं जुनं भाषण मलाच ऐकवतात.

मी गेलो लोटे-परशुरामच्या एमआयडीसीतून. रसायनांचा कारखाना होता, आणि तिथे अर्थिंग म्हणजे धर्म. पावसाळा उलटला की प्रत्येक अर्थ पिट मोजायचा, आकडा रजिस्टरला चढवायचा, जास्त आला तर मीठ-कोळसा घालून पुन्हा मोजायचा. ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल जमिनीला बांधलेला असतो, हे तिथे वायरमनच्या पोरालाही ठाऊक. मोटारीची फेज बॉडीला लागली की करंटला न्यूट्रलपर्यंत परतायची मोकळी वाट मिळते, करंट भसकन वाढतो आणि ब्रेकर पडतो. दोष झाला, वीज गेली, माणूस वाचला. यापेक्षा सरळ हिशेब कुठला?

जहाजावर हा हिशेबच नव्हता. 440 व्होल्ट, 60 हर्ट्झ, तीन फेज, तीन वायरी. मोटारीची बॉडी जहाजाच्या पोलादाला पक्की जोडलेली, पण जनरेटरचा न्यूट्रल कुठेच बांधलेला नाही. तो अधांतरी. त्यामुळे एखादी फेज बॉडीला लागली तरी करंटला घरी परतायची वाट नसते. ब्रेकर पडत नाही, मोटार फिरत राहते. मेन स्विचबोर्डावर तीन अर्थ लँप असतात, स्टारमध्ये जोडलेले, मधला बिंदू पोलादाला. सगळं ठीक असेल तेव्हा प्रत्येकाला 254 व्होल्ट मिळतात आणि तिघे सारखेच मंद जळतात. एक फेज पोलादाला पूर्ण चिकटली की तिचा दिवा मावळतो, आणि उरलेल्या दोघांना सगळेच्या सगळे 440 मिळून ते उजळतात; यालाच जहाजावर ‘अर्थ आला’ म्हणतात. बाकी काही होत नाही. त्या ‘बाकी काही होत नाही’चाच मला राग होता.

पहिल्याच आठवड्यात केबिनमधला दिवा बदलताना सवयीने खिशातला टेस्टर लावला, तर तो दोन्ही वायरींवर पेटला. किनाऱ्यावर असं दिसलं की न्यूट्रल कुठेतरी तुटलाय हे नक्की. मी न्यूट्रल शोधायला निघालो. न्यूट्रल नव्हताच! 220 व्होल्टचं लाइटिंगसुद्धा ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे तसंच अधांतरी. दोन्ही वायरी पोलादाच्या मानाने जिवंत, प्रत्येकी सव्वाशे व्होल्टच्या आसपास. म्हणून तिथले स्विचही दोन्ही वायरी एकदम तोडणारे. टेस्टर टूलबॉक्सच्या तळाशी गेला तो कायमचा.

माझ्या आधीच्या मताला खतपाणी मिळालं ते एका पंपामुळे. इंजिन रूममधला समुद्राच्या पाण्याचा कूलिंग पंप, 22 किलोवॅटची मोटार. तो अधूनमधून ओव्हरलोडवर पडायला लागला. पॅनेलवरच्या अँमीटरवर 36 च्या आसपास करंट, म्हणजे नेहमीचाच. रिले 40 वर बसवलेला. मोटार बंद करून मेगर मारला, म्हणजे इन्सुलेशन मोजलं, तर आकडा चांगला, वीस मेगओहमच्या वर. सेकंड इंजिनिअरना वाटलं पंप जड झाला असेल. मिस्त्रीने कपलिंग उघडून हाताने फिरवून पाहिलं, हलकं होतं. बेअरिंगचा आवाज नाही. ग्लँडचं पॅकिंग सैल केलं, रिले बदलून नवा लावला. पंप तासन्‌तास चालायचा, आणि मग पडायचा.

कधी पडतो हे पहिल्यांदा लक्षात आलं ते मोटरमनच्या. दाभोळचा, वयस्कर, आम्ही त्याला चाचा म्हणायचो, आणि तो मला जहाजावरच्या रीतीने बत्तीसाब, म्हणजे वीज सांभाळणारा अधिकारी. तो म्हणाला, “बत्तीसाब, हा पंप जेवणाच्या आधी पडतो. रात्रीच्या वॉचला कधी पडला नाही.” सगळे हसले. मी लॉगबुक उघडून वेळा पाहिल्या. चाचाचं बरोबर होतं. नाश्त्याच्या आधी, दुपारच्या जेवणाच्या आधी, संध्याकाळी. म्हणजे गॅलीत हॉट प्लेट तापलेली असताना.

पुढचं उलगडायला वेळ लागला नाही. हॉट प्लेटच्या एका एलिमेंटची आर फेज आतल्या आत बॉडीला लागली होती. तिचा अर्थ स्विचबोर्डावर आधीपासून दिसत होता, अलार्म वाजायचा, कुणीतरी अकनॉलेज करायचा, आणि “पोर्टला बघू” म्हणून विषय मिटायचा. पंपाच्या मोटारीच्या टर्मिनल बॉक्समध्ये एस फेजची वायर ग्लँडपाशी कडेला घासत होती. मोटार थांबलेली असताना ती कडेपासून केसभर दूर असायची, म्हणून मेगर गोड आकडा द्यायचा. मोटार थरथरायला लागली की टेकायची. एकटी टेकली असती तर काही बिघडलं नसतं. पण गॅली चालू असताना पोलादाला आर आधीच लागलेली, त्यात एस येऊन मिळाली. मग एसमधून पोलादात, पोलादातून एलिमेंटमार्फत आरमध्ये असा वीसेक अँपिअरचा चोरटा प्रवाह सुरू व्हायचा. पंपाच्या एस फेजमध्ये मोटारीचे 36 आणि हे वीस. अँमीटर मात्र आर फेजवर बसवलेला. जहाजावरच्या बहुतेक स्टार्टरवर तो एकाच फेजवर असतो. त्याला यातलं काहीच दिसत नव्हतं. रिलेला दिसत होतं.

क्लँप मीटरने तिन्ही फेज वेगवेगळ्या पाहिल्या असत्या तर पाच मिनिटांत कळलं असतं, हे खरंच. पण मला त्या दिवशी वाटलं ते वेगळं. मी चीफ इंजिनिअरना म्हणालो, “किनाऱ्यावर गॅलीचा अर्थ लीकेज रिले पहिल्याच दिवशी पडला असता. कुकने बोंब मारली असती, एलिमेंट बदललं असतं, आणि आपण पंप उघडत बसलो नसतो.” चीफ मालवणचे, कमी बोलणारे. म्हणाले, “तुझं म्हणणं खोटं नाही.” एवढंच. मला वाटलं मी जिंकलो.

तो युक्तिवाद अजूनही खोटा नाही. माझं मत बदललं ते तो खोटा ठरला म्हणून नव्हे, त्याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट उभी राहिली म्हणून.

हुगळीत शिरायचं म्हणजे सँडहेड्सला पायलट चढतो, आणि तिथून हल्दियापर्यंत नदीच्या मर्जीने जायचं. ऑकलंड, जेलिंगहॅम अशी बारांची नावं पायलट घरच्या माणसांसारखी घेतात. वाळू सरकते, भरतीचा हिशेब चुकला तर पाणी पुरत नाही, आणि वाटेत हवं तिथे थांबायची सोय नाही. अशा ठिकाणी स्टिअरिंगच्या दोन्ही मोटारी एकदम चालवायच्या असतात; सोलास या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा कराराच्या पाचव्या प्रकरणातल्या पंचविसाव्या नियमात तसं सांगितलंय. आम्ही दोन्ही चालू केल्या. एक नंबरची मोटार सुरू होताच स्विचबोर्डावर टी फेजचा दिवा पार मावळला, इन्सुलेशन मीटरचा काटा शून्याला टेकला, अलार्म वाजला. मोटार बंद केली तर दिवा परत आला. शंकेला जागाच नव्हती, टी फेज मोटारीतच कुठेतरी बॉडीला लागली होती.

माझा हात सवयीने ब्रेकरकडे गेला. किनाऱ्यावर मी ती मोटार क्षणभरही चालू दिली नसती. चीफ कंट्रोल रूममध्ये उभे होते. ते म्हणाले, “चालू कर. ब्रिजला सांग अर्थ आलाय, आणि चालू आहे.”

“चीफसाब, डेड अर्थ आहे.”

“दिसतंय मला. करंट बघ.” मी क्लँप लावून पाहिला. तिन्ही फेज सारख्या. “आवाज?” ठीक. “गरम?” नाही. “मग तुला काय हवंय, ब्रेकर पडायला हवाय? इथे?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसरी मोटार होती, हे खरं. पण एक पडली की सुकाण निम्म्या वेगाने फिरणार, आणि दुसरीचं काही झालं तर तेही नाही. आम्ही दोन्ही मोटारी चालवत हल्दियाला लागलो. सुकाण वळत राहिलं. पायलटला कागदावर कळवलेलं होतं, बाकी त्याच्या दृष्टीने काही घडलंच नव्हतं.

त्यानंतर मी सोलास नीट वाचायला घेतलं, आणि दुसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या भागातला तिसावा नियम वाचून थबकलो. स्टिअरिंगच्या मोटारीला शॉर्ट सर्किटपासून संरक्षण द्या, पण ओव्हरलोड झाला तर फक्त अलार्म वाजवा. जादा करंटवर तोडणारं काही ठेवायचंच असेल तर ते मोटारीच्या पूर्ण भाराच्या करंटच्या दुपटीखाली पडता कामा नये. एखादी फेज गेली तरी अलार्मच. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांनी शांत डोक्याने ठरवलंय, की मोटार जळायची असेल तर जळू दे, सुकाण थांबता कामा नये. कारखान्यात ओव्हरलोड रिलेचा स्क्रू कुणी वर चढवलेला दिसला की मी आरडाओरडा करायचो. इथे तोच विचार कायद्याच्या भाषेत लिहिलेला होता, आणि पटत होता.

मग त्याच कलमांच्या पुढे पंचेचाळिसावा नियम लागला. न्यूट्रल अधांतरी ठेवायचा असेल तर इन्सुलेशनवर सतत नजर ठेवणारं आणि ते घसरलं की दिवा किंवा भोंग्याने सांगणारं उपकरण हवंच. टँकरवर तर अर्थ केलेली वितरणव्यवस्था, थोडे अपवाद सोडले तर, चालतच नाही. तेलाच्या वाफा असलेल्या जागी पोलादातून मोठा दोषप्रवाह धावावा असं कुणाला वाटेल? कंजूषपणाची व्यवस्था कुणी इतकी बारकाईने लिहीत नाही.

किनाऱ्यावर वीज जाणं ही सुरक्षित अवस्था आहे, हे मी न तपासता गृहीत धरलं होतं. कारखान्यात अंधार झाला की सगळे हात झटकून उभे राहतात. जहाजाचा अंधार तसा नसतो. मार्च 2024 मध्ये बाल्टिमोरहून निघालेल्या ‘डाली’ या कंटेनर जहाजाचं काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. वीज गेली, परत आली, पुन्हा गेली, आणि जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर जाऊन आदळलं. पुलावर काम करणारे सहा मजूर गेले. जहाजावरचे बहुतेक लोक आपलेच, भारतीय. अमेरिकेतली चौकशी एका टर्मिनलमध्ये नीट न बसलेल्या वायरीपर्यंत गेली. वायरीवरच्या नावाच्या पट्टीमुळे ती पूर्ण आत शिरली नव्हती, आणि त्यामुळे ब्रेकर नको तेव्हा उघडला. या घटनेचा ‘अर्थ फॉल्ट’शी काही संबंध नाही. पण ‘पडला तर पडला, माणूस तर वाचला’ हे वाक्य मी त्यानंतर जहाजाबद्दल कधी उच्चारलेलं नाही.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मी आता अधांतरी न्यूट्रलचा भक्त झालोय. तसंही नाही. माझी दोन मतं होती, आणि दोन्ही गेली. एक किनाऱ्यावरून आणलेलं, की दोष दिसताच तोडा. दुसरं जहाजावर नकळत चिकटलेलं, की एक अर्थ म्हणजे काही नाही, पोर्टला बघू. दुसरं जास्त धोक्याचं, कारण ते अनुभवाच्या वेषात येतं.

जहाजावर जुने लोक सांगतात, न्यूट्रल बांधलेला नाही, मग एका वायरीला हात लागला तरी शॉक बसत नाही. हे ऐकून मी एकदा कागद-पेन्सिल घेतली. मैलोगणती केबल, प्रत्येक केबल म्हणजे पोलादाच्या मानाने एक कपॅसिटर. त्यात आता इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे फिल्टर आले. प्रत्येक फेजला सगळी मिळून एक मायक्रोफॅरड धरा. मोठ्या जहाजावर हे काही फार नाही. 254 व्होल्ट आणि 60 हर्ट्झला एक फेज पोलादाला लागली तर पाव अँपिअरहून जास्त, नेमकं 0.29 अँपिअर वाहतं. मध्ये माणूस असेल आणि त्याच्या शरीराचा रोध हजार ओहम धरला, तर त्याच्यातून जवळपास 190 मिलीअँपिअर जातात. घरातला आरसीसीबी 30 ला पडतो. घामेजलेल्या बॉयलरसूटमध्ये हजार ओहम तरी कुठून आणायचे? म्हणजे न्यूट्रल बांधलेला नाही असं आपण म्हणतो, पण तो केबलींनी न विचारता बांधून ठेवलेला असतो. मोटारीचा ब्रेकर चालू राहील एवढा थोडा, माणूस मरेल एवढा पुष्कळ. अमेरिकी नौदलाची जहाजंही याच पद्धतीची, आणि त्यांच्या तांत्रिक सूचनाही हेच बजावतात, की अर्थ नाही म्हणून हात लावू नका.

दुसरी गोष्ट ठिणगीची. फेज पोलादाला पक्की चिकटली तर उरलेल्या दोन फेज पोलादाच्या मानाने 254 वरून 440 वर जातात, आणि तेवढं चांगलं इन्सुलेशन सोसतं. पण वायर टेकते-सुटते-टेकते अशी नाचत असेल तर त्या सगळ्या कपॅसिटरमध्ये भार साठत जातो आणि व्होल्टेज नेहमीच्या कित्येक पटींनी उसळतं. जुन्या अमेरिकी हँडबुकात एक दाखला नेहमी सापडतो: 480 व्होल्टच्या अधांतरी न्यूट्रलच्या कारखान्यात असा नाचरा अर्थ आला, पोलादाच्या मानाने व्होल्टेज 1200 च्या वर गेलं, आणि दोष सापडेपर्यंतच्या दोनेक तासांत चाळीस-पन्नास मोटारी बसल्या. तो वाचला तेव्हा मला माझा पंप आठवला. एस फेजची वायर ग्लँडपाशी नेमकी हेच करत होती, आणि आम्ही पंपाचं पॅकिंग सैल करत होतो.

म्हणून हल्ली मोटार रुसली की मी आधी मोटारीकडे जात नाही, स्विचबोर्डाकडे जातो. कुठला दिवा मंद आहे, मीटर किती दाखवतोय, आणि हे कधीपासून, हे वॉचवरच्या माणसाला विचारतो. मग तिन्ही फेजचा करंट क्लँपने, एकामागून एक. एका फेजवरच्या अँमीटरवर माझा विश्वास उरलेला नाही. एक फेज गेलेली असेल तर उरलेल्या दोन्हींत करंट साधारण पावणेदोन पट होतो आणि मोटार गुरगुरते. त्या वेळी व्होल्टेज फेज ते बॉडी मोजलंत तर फसाल, कारण चालती मोटार तुटलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज उभं करते. मोजायचं ते फेज ते फेज, तेही कॉन्टॅक्टरच्या वर आणि खाली. बऱ्याचदा दोष तिथेच असतो, खड्डे पडलेल्या काँटॅक्टमध्ये किंवा सैल लगमध्ये, आणि मोटार बिचारी निर्दोष. अर्थ शोधायचा तर फीडर एकेक उघडून मीटरकडे बघत बसणं, हाच बहुतेक जहाजांवरचा मार्ग. आधी बिनमहत्त्वाचे: लाँड्री, गॅली, डेकवरचे दिवे, वर्कशॉप. कंटेनर जहाजावर रीफर डब्यांपासून सुरुवात केली तर निम्मा वेळ वाचतो. त्यांचे डीफ्रॉस्टचे हीटर हे अर्थचं माहेरघर. मग जोडीतले पंप, एक चालू ठेवून दुसरा. मोटार सुटी करून मेगर मारताना हलवायची, ग्लँडपाशी वायर दाबून पाहायची, हे मी त्या पंपाकडून शिकलो.

मोटारीचा वेग बदलणारे व्हीएफडी ड्राइव्ह आल्यापासून एक नवीन भानगड झालीय. बाजारातले बरेच ड्राइव्ह किनाऱ्यासाठी बनलेले असतात. त्यांच्या पोटातल्या फिल्टरचे कपॅसिटर पोलादाला जोडलेले असतात. अधांतरी व्यवस्थेत ते जोडणारा एक छोटा स्क्रू काढून टाकायचा असतो, मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं असतं, आणि ड्राय डॉकमध्ये घाईने बसवणारा माणूस ते पान वाचत नाही. मग भलत्याच कोपऱ्यात अर्थ आला की ड्राइव्ह जळतो आणि सगळे मोटारीला दोष देतात.

हल्दियाच्या त्या मोटारीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. धक्क्याला लागल्यावर दोन नंबर चालू ठेवून एक नंबर उघडली. आत हायड्रॉलिक तेलाचा आणि मिठाचा काळा चिकट थर, आणि टी फेजच्या शेवटच्या वळणावर वार्निश उडालेलं. सगळं गरम गोड्या पाण्याने धुतलं, मग दिवे लावून सुकवायला ठेवलं. नवख्या माणसाची परीक्षा इथे होते. सुकायला लागल्यावर मेगरचा आकडा आधी वाढत नाही, उतरतो. कारण तांबं तापतं आणि ओलावा आतून बाहेर यायला लागतो. मी तो उतरताना पाहून मोटार गेली असं धरून चाललो होतो. मिस्त्री दिवे तसेच ठेवून चहाला गेला. कित्येक तास आकडा तळाशी रेंगाळला, मग चढायला लागला आणि चढतच गेला. वार्निश मारून पुन्हा तापवलं. क्लासचा, म्हणजे वर्गीकरण संस्थेचा, सर्व्हेअर एक मेगओहम मागतो. आम्हाला त्याच्या कितीतरी पट मिळाले.

मोटार वाचली, कारण नदीतून येताना ती बंद न करता चालवूनही आम्हाला वेळ मिळाला, आणि तो वेळ आम्ही वापरला. गॅलीच्या एलिमेंटलाही तेवढाच वेळ मिळाला होता. तो आम्ही वाया घालवला. व्यवस्था एकच होती. माझं मत नेमकं इथे बदललं. अधांतरी न्यूट्रल संरक्षण देत नाही, मुदत देतो. ती मुदत किनाऱ्यावरच्या कारखान्याला लागत नाही, आणि हुगळीतल्या जहाजाला लागते.

आणि सगळीकडे लागते असंही नाही. मोठ्या जहाजांवर, बो थ्रस्टर किंवा पुष्कळ रीफर असतात तिथे, 6.6 किलोव्होल्ट आले आहेत. तिथे न्यूट्रल मोकळा सोडत नाहीत, बहुधा रेझिस्टरमधून बांधतात आणि दोष आला की फीडर उघडतात. त्या व्होल्टेजला कपॅसिटरचा प्रवाह आणि ठिणगी दोन्ही परवडत नाहीत. तिथे मी जुन्याच मताचा आहे, तोडा.

जाता जाता एक. 2010 च्या मनिला दुरुस्त्यांनंतर, म्हणजे 1 जानेवारी 2012 पासून, इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर हा दर्जा खलाशांच्या प्रशिक्षणाच्या एसटीसीडब्ल्यू कराराच्या कागदावर आला. त्याआधी बत्तीसाब जहाजावर होताच, आंतरराष्ट्रीय कागदात नव्हता. आता परीक्षा आहे, प्रमाणपत्र आहे. पण फीडर उघडायची परवानगी अजून चीफ इंजिनिअरकडूनच मागावी लागते, आणि कार्गोच्या गडबडीत ती मिळत नाही.

म्हणून चीफसाहेबांना एक विनंती. स्विचबोर्डावर एक दिवा मावळलेला असेल आणि तुमचा बत्तीसाब फीडर उघडायची परवानगी मागायला आला, तर त्याला पोर्टमध्ये दोन तास द्या. ब्रिजला कळवा, आणि कुकलाही आधी सांगा.